पोत्यातलं नत्र जातं कुठे?

२०२५ साली मे महिन्यातच पाऊस लागला आणि मग तो हटेचना. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होत असतात आणि त्याला स्वच्छ ऊन लागतं. नेमकं तेव्हाच आभाळ भरून राहिलं की ऑक्टोबर छाटणीनंतर घड जिरतात, फुटीवर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे तणावा दिसतो. त्याआधी २६ नोव्हेंबर २०२३ ला गारांनी निफाड तालुक्यातल्या बागा झोडपल्या होत्या. हवामान बदललंय हे आमच्या शिवारात आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

पण या बदलात शेतीचाही हात आहे असं म्हटलं की माणसं दुखावतात. बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या कुणाला दिसत नाहीत का? आमच्या चार गायी बऱ्या दिसतात!" काकूंचं म्हणणं खोटं नाही. आपल्या देशातून जे हरितगृह वायू बाहेर पडतात त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश वीज, इंधन आणि वाहतुकीतून येतात. शेती आणि जनावरं मिळून साधारण १४ टक्के. त्यातही निम्म्याहून जास्त वाटा जनावरांच्या रवंथाचा. उरलेल्यात मोठे वाटेकरी दोन, जमिनीत टाकलेलं नत्र आणि पाण्यात उभी असलेली भातखाचरं.

तरीही मी यावर लिहिते आहे, कारण बागेचा, कांद्याचा आणि गोठ्याचा हिशेब माझ्याकडे असतो आणि त्या हिशेबात मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. शेतातून वर जाणारा वायू हा आपलाच माल असतो. नायट्रस ऑक्साइड म्हणजे आपण पैसे देऊन आणलेलं नत्र. मिथेन म्हणजे गाईने खाल्लेला पण दुधात न उतरलेला चारा, नाहीतर चुलीखाली जळायचा राहून गेलेला गॅस. नांगरटीनंतर आणि काड्या पेटवल्यावर उडतो तो आपल्याच मातीचा कर्ब. जगाचं भलं ही मोठी गोष्ट आहेच, पण तिच्यासाठी शेतकऱ्याने काही सोडून द्यायचं नाही. आपलं वाया जाणारं धरून ठेवायचं आहे.

युरियापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त हातचं सुटतं ते तिथेच.

युरियाचं पोतं आता ४५ किलोचं असतं आणि आपल्याला साधारण २६६ रुपयांना मिळतं. त्याची खरी किंमत कितीतरी जास्त आहे, बाकीचे पैसे सरकार भरतं. स्वस्त मिळतं म्हणून हात सैल सुटतो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे एका पोत्यात २०.७ किलो. आंतरराष्ट्रीय हिशेबात धरलेलं ढोबळ प्रमाण असं की टाकलेल्या नत्रापैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. ओल्या हवामानात याहून जास्त, कोरड्यात कमी. म्हणजे एका पोत्यामागे सव्वातीनशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. ऐकायला काहीच नाही. पण हा वायू १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे ते सव्वातीनशे ग्रॅम ८८-८९ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे होतात. शिवाय युरिया मातीत विरघळला की त्यातल्या कर्बाचे आणखी ३३ किलो निघतात. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भागाकार करून बघा, ४५ किलोचं एक पोतं शेतात टाकणं हे ४५ लिटर डिझेल जाळण्याइतकं पडतं. यात कारखान्यात नैसर्गिक वायूपासून युरिया बनवताना जे गेलं ते धरलेलंच नाही.

हा आकडा मी घरी सांगितला तेव्हा माझे सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मग टाकायचाच नाही का?" टाकायचा. पण ज्या दिवशी आणि जिथे पीक घेतं तिथेच टाकायचा.

नत्राचा वायू मातीतले जिवाणू करतात. जमिनीला वाफसा असतो तेव्हा मातीच्या पोकळ्यांत हवा असते, जिवाणूंना श्वास घ्यायला प्राणवायू मिळतो. वाफसा मोडला, पोकळ्यांत पाणी भरलं की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घ्यायला लागतात, आणि उरलेलं नत्र वायू होऊन बाहेर पडतं. आमच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर निचरत नाही, म्हणून इथे हे जास्त होतं. आता आपली सवय आठवा. चांगला पाऊस झाला, पीक पिवळं दिसलं, की लगेच युरिया फोकायचा. म्हणजे जमीन जास्तीत जास्त ओली असताना एकदम जास्तीत जास्त नत्र. उलट कोरड्या मातीवर वरच्या वर फोकून ठेवलं आणि पाणी उशिरा दिलं तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. पोतं उघडल्यावर नाकाला झोंबतो तोच वास. २०१५ पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेलाचं लेपन करून येतो. त्यामुळे नायट्रेट व्हायला उशीर लागतो आणि थोडं वाचतं. पण लेपन कितीही असलं तरी तुडुंब रानात फोकलेला युरिया ते वाचवू शकत नाही.

द्राक्षात आम्हाला ही गोष्ट जमली ती देठ परीक्षणामुळे. मातीचा अहवाल जमिनीत काय आहे ते सांगतो, देठाचा अहवाल वेलीने काय घेतलं ते सांगतो. खरड छाटणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास पानांचे देठ गोळा करायचे, बागेत तिरपं चालत, सगळ्या ओळींतून, काडीवरची ठरलेलीच पानं घ्यायची. आम्ही देठ कागदी पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवतो. आमच्या अहवालात नत्र हवं त्यापेक्षा वर आलं आणि पालाश खाली. मग ड्रिपमधून द्यायच्या खताचं वेळापत्रकच बदललं. एकदम पोतं ओतण्याऐवजी थोडं थोडं, मुळाशी, वाफसा बघून. आणि घड तयार होण्याच्या काळात नत्राला जवळपास विश्रांती.

हा शेवटचा मुद्दा द्राक्षवाल्यांनी नीट ऐकावा. वेलीला नत्र जास्त झालं की शेंडा पळतो, पाला दाटतो, आतल्या डोळ्यांवर सावली पडते. ज्या काळात डोळ्याला ऊन हवं त्याच काळात आपणच नत्र देऊन सावली करतो. आभाळ आपल्या हातात नाही. पण ढगाळ वर्षात जास्तीचं नत्र देऊन घड जिरण्याला हातभार लावायचा की नाही हे आपल्या हातात आहे. दाट पाल्यात डाऊनी, म्हणजे केवडा रोगही लवकर येतो, मग औषधाच्या फेऱ्या वाढतात, ब्लोअर ट्रॅक्टरचं डिझेल वाढतं. पोतं कमी झालं की हे सगळं मागोमाग कमी होतं.

कांद्यात तर याहून सरळ हिशेब आहे. उन्हाळ कांदा लावल्यावर अर्धं नत्र लागवडीला, उरलेलं तीस आणि पंचेचाळीस दिवसांनी, आणि साठ दिवसांच्या पुढे नत्र अजिबात नाही, अशी शिफारस आहे. पण फुगवणीच्या वेळी शेजाऱ्याने एक हात मारला की आपणही मारतो. त्या उशिराच्या युरियाने पात हिरवी राहते, माना जाड राहतात, माना नीट वाळत नाहीत. असा कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात गेला की मानेतून सडायला लागतो. जुन्या पद्धतीच्या चाळीत चार-सहा महिन्यांत चाळीस टक्क्यांपर्यंत कांदा जातो, हे लासलगावच्या पट्ट्यात कुणालाही माहीत आहे. आता त्या सडलेल्या कांद्यामागे किती गेलं ते मोजा. खत, वीज, मजुरी, ट्रॅक्टर, आणि शेवटी उकिरड्यावर टाकलेल्या ढिगात हवा पोचत नाही म्हणून त्याचाही मिथेन. माझ्या मते कांद्याच्या शेतीतलं हवामानाचं पहिलं काम चाळ हेच आहे. खालून हवा खेळेल असा पाया, थराची उंची बेताची, आणि चाळीत जायच्या आधी पातीसकट सुकवून, मान पिळवटून बंद झालेला कांदा. माझ्या सासूबाई चाळीत भरण्याआधी प्रत्येक पाटीतले चार कांदे उचलून मानेवर अंगठा दाबून बघतात. मान मऊ लागली की ती पाटी वेगळी, आधी विकायची. हे ज्ञान त्यांना कुणी शिकवलेलं नाही. साठ दिवसांनंतर युरिया बंद केल्यापासून वेगळ्या काढायच्या पाट्या कमी झाल्या हेही त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं.

छाटणीच्या काड्यांबद्दल थोडक्यात. पूर्वी बांधाला ढीग लावून पेटवायचो, अजूनही कितीतरी जण पेटवतात. आता ट्रॅक्टरमागे श्रेडर लावून ओळीतच बारीक करतो आणि त्यावर गोबरगॅसची स्लरी सोडतो. रोगट काड्या मात्र आधी वेचून बाहेर काढायच्या, त्यात आळस नको. उसाचं पाचटही तसंच. पेटवलं तर एका रात्रीत गेलं, बोदावर आच्छादन केलं तर पाणी धरतं, तण दाबतं आणि हळूहळू माती होतं. एकरभर रानातली सहा इंच खोलीची माती साधारण ९०० टन भरते. तिच्यातला सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर ९०० किलो कर्ब जमिनीत आला, म्हणजे हवेतला सव्वातीन टन कार्बन डायऑक्साइड खाली आला. यासाठी वर्षं जातात, आणि एका खोल नांगरटीत त्यातलं बरंच परत जाऊ शकतं. म्हणून कर्ब वाढवण्याइतकंच नांगर आवरणं महत्त्वाचं आहे.

आता भात. माझं माहेर घोटीच्या पुढे, इगतपुरी तालुक्यात. तिथे कांदा-द्राक्षाचं कौतुक नाही, तिथे इंद्रायणी भात. निफाडला जिथे पाऊस मोजून येतो तिथून दोन तासांवर आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भाताच्या खाचरात पाणी साचलेलं राहिलं की चिखलातली हवा संपते. हवेशिवाय जगणारे जिवाणू कुजणारं काड, कच्चं शेण खाऊन मिथेन करतात. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी चिखलात पाय रुतला की बोटांच्या बाजूने बुडबुडे वर येतात, लहानपणी आम्ही मुद्दाम पाय दाबून ते काढायचो. पण बुडबुड्यांतून जातो तो थोडा. बहुतेक मिथेन भाताच्या रोपातूनच बाहेर पडतो. पाण्याखालच्या मुळांना हवा पोचवण्यासाठी भाताच्या आत पोकळ नळ्या असतात, त्याच वाटेने खालचा वायू वर येतो. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट. पण तो हवेत बारा-एक वर्षंच टिकतो, म्हणून आज कमी केला तर त्याचा परिणाम आपल्याच हयातीत दिसतो.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यावर आलटून-पालटून पाणी देण्याची पद्धत पुढे आणली. भोकं पाडलेला पाइप खाचरात रोवायचा, पाणी जमिनीखाली सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर उतरलं की मग पुन्हा भरायचं. मिथेन तीस ते पन्नास टक्के कमी होतो आणि उत्पन्न पडत नाही. पंजाब-तेलंगणात, जिथे भाताला बोअरचं पाणी देतात, तिथे हे उत्तम. माझा भाऊ मात्र ऐकून म्हणाला, "ताई, इथे पाणी भरतंय कोण? वरच्या खाचरातून खालच्यात आपोआप येतं. जुलैत पाणी काढायचं म्हटलं तर आधी आभाळाला सांगावं लागेल." त्याचं खरं आहे. कुठलीही पद्धत जशीच्या तशी उचलून आणता येत नाही. पण फुटवे फुटण्याच्या सुमाराला चार-पाच दिवसांची उघडीप मिळते तेव्हा बांधाची तोंडं उघडून खाचराला एकदा भेगा पडेपर्यंत सुकू देणं आमच्याकडे शक्य आहे. तेवढ्यानेही मिथेनला मोठा अटकाव होतो, कारण हवा शिरली की ते जिवाणू थांबतात. आणि शेणखत टाकायचं तर पूर्ण कुजलेलं. कच्चं शेण चिखलात गाडणं म्हणजे त्या जिवाणूंना खाऊ घालणं.

याहून मोठा बदल आमच्याच सह्याद्रीत झालेला आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. नेरळजवळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस टेक्निक उभी केली. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी थेट टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. पुढच्या हंगामात त्याच वाफ्यावर. मुळं कुजून मातीत बारीक नळ्या राहतात, गांडुळं येतात, पाणी मुरतं. चिखलच नसल्यामुळे हवा राहते आणि मिथेनला जागा कमी मिळते, ट्रॅक्टरचं डिझेलही वाचतं. तणासाठी तणनाशक वापरावं लागतं, ही बाजू मला खटकते. भावाला मी तेवढ्या जागी कोळपं आणि खुरपणी करता येते का बघ असं सांगितलंय. पण एक गोष्ट पुरुषांच्या लिहिण्यात येत नाही ती मी लिहिते. आवणी बाया करतात. डोक्यावर इरलं, पाऊस पाठीवर, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून. पायांना चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्या फुटतात, रात्री रॉकेल लावून झोपायचं. माझ्या आईची कंबर साठीच्या आत गेली ती याच कामाने. ज्या पद्धतीत मिथेन कमी होतो आणि बाईची कंबर वाचते, ती आमच्या पश्चिम पट्ट्यात गावागावांत का पोचत नाही, हे मी भेटेल त्या कृषी अधिकाऱ्याला विचारत असते.

ज्यांना आवणी सोडायची नाही त्यांच्यासाठी डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री ही भात लावायची पद्धत आहेच. दोन ओळींत पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर असं आळीपाळीने अंतर, आणि रोपांच्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपी खताची एक गोळी चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसायची. एकदाच. फोकलेला युरिया पाण्याबरोबर खालच्या माणसाच्या खाचरात जातो किंवा वर उडतो, खोल गेलेली गोळी जागेवर राहते आणि मुळं तिच्यापर्यंत येतात. आमच्याकडे ओहोळ वाहतात तसा युरिया वाहतो, तेव्हा ही गोळी म्हणजे खरोखर गरिबाची पद्धत आहे. निम्म्याच्या आसपास खतात काम भागतं असं भावाच्या शेजारच्या रानात मी स्वतः पाहिलंय.

राबाचं मात्र नाजूक आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, सगळीकडे उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या पसरून राब भाजतात आणि त्या जागेवर रोपं टाकतात. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतो, रोप जोमदार येतं. ही अडाणी रीत नाही, तिच्यामागे पिढ्यांचं निरीक्षण आहे, आणि शहरातून येऊन तिला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. तरी झाडांच्या फांद्या दरवर्षी उतरवाव्या लागतात, आणि खाचरात जायचं शेण जळून जातं. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची राख मिसळून, थोडं जास्त तण काढायची तयारी ठेवून रोपं चांगली येतात. भावाने निम्मा राब भाजला आणि निम्म्या जागेवर गादीवाफा केला. त्याने दोन्ही रोपं उपटून मुळं शेजारी शेजारी ठेवून मला दाखवली, गादीवाफ्याची मुळं पांढरी आणि लांब होती. वहिनी म्हणाली, उपटायलाही सोपं जातं. तिचं मत माझ्यासाठी अहवालापेक्षा मोठं.

गोठ्याकडे येते. गाय वायू सोडते तो बहुतेक तोंडावाटे, ढेकरेतून. तिच्या पोटातले जिवाणू चाऱ्याचा मिथेन करतात, तो पूर्ण थांबवता येत नाही. नुसती वाळलेली वैरण खाणारी गाय कमी दूध देते, म्हणजे लिटरमागे मिथेन जास्त पडतो. मुरघास, हिरवा चारा, सरकी पेंड, खनिज मिश्रण यांचा मेळ बसला की तेवढ्याच गाईकडून दूध वाढतं. चार उपाशी जनावरांपेक्षा दोन नीट पोसलेली बरी, हे आमच्याकडे दुधाच्या हिशेबातूनही पटतं.

शेणाचं मात्र सगळं आपल्या हातात आहे. उकिरड्याचा ढीग वर कोरडा आणि आत ओला, गरम, बिनहवेचा, मिथेन तयार व्हायला हवी तशी जागा. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत गेलं की तोच मिथेन चुलीवर जळतो. दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, आणि गॅस पूर्ण मिळाला तर महिन्याला दीड-पावणेदोन सिलिंडर वाचतात. निफाडला थंडीत पारा पाच-सहा अंशांवर आणि कधी त्याखालीही येतो, तेव्हा गॅस निम्म्यावर येतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी शेण कालवायला उन्हात तापवलेलं पाणी घेते आणि टाकीवर पाचट पसरते. एक काळजी सगळ्यांनी घ्यावी. नळीच्या जोडांवर, कॉकवर, शेगडीच्या तोंडाशी साबणाचा फेस लावून बघा. फेसाला फुगे आले तर गॅस गळतोय, आणि गळणारा गोबरगॅस म्हणजे घराला धोका आणि हवेत सरळ मिथेन. टाकीतून निघणारी स्लरी बागेला जाते, त्यामुळे माझ्या हिशेबाच्या वहीतला युरियाचा आकडा आणखी खाली येतो.

पंपाचं थोडक्यात. पाच अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली की तीस युनिट, देशातल्या सरासरी विजेवर साधारण २१ किलो कार्बन डायऑक्साइड. सौर पंपाच्या योजनेत आपल्याला १० टक्के हिस्सा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, रात्री पाणी भरायला जाणाऱ्या माणसाची वाट बघत घरातलं कुणी झोपत नाही. त्यासाठी तरी दिवसा चालणारा पंप हवाच. पण उन्हावर पाणी फुकट येतं म्हणून दिवसभर मोटर चालू ठेवली तर विहिरी तळ गाठतील. सौर पंप तिथेच बसावा जिथे ड्रिप आधी बसलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी एक गोष्ट, कारण ती आता दारात आलेली आहे. कार्बन क्रेडिटचे करार घेऊन माणसं गावात फिरतायत. झाडं लावा, नांगरू नका, पाचट जाळू नका, आम्ही पैसे देऊ. कल्पना चांगली आहे. पण सही करण्याआधी कराराची मुदत किती वर्षं, मध्येच जमीन वाटणीत गेली किंवा विकली तर काय, मोजणीचा खर्च कुणाचा, क्रेडिट विकल्यावर किती वाटा आणि कधी, मोजणीत कर्ब वाढलेला दिसला नाही तर जबाबदारी कुणावर, हे सगळं लेखी हवं. आणखी एक अन्याय असा की जे आधीपासून पाचट जाळत नाहीत त्यांचं काम पुष्कळदा "नवीन" धरलं जात नाही, क्रेडिट नव्याने सुरू करणाऱ्यालाच मिळतं. आमच्या गटाकडे आलेला करार इंग्रजीत होता. आम्ही मराठी प्रत मागितली आहे. ती आली की निफाडच्या वकिलाला दाखवायची, ग्रामसभेत मोठ्याने वाचायची आणि मग प्रत्येकीने आपापलं ठरवायचं, असं बैठकीत ठरलंय. तोवर युरियाची वही, देठाचा अहवाल आणि काड्यांचा श्रेडर यांना कुणाच्या सहीची गरज नाही.